तांड्यावर फाशीचा सर्व्हे

"सगळ्यांचं उत्तर एकच कसं? घरी बसून भरलंस का?"

फोनवर आमचे सुपरवायझर सर होते. असा संशय आला की इन्व्हेस्टिगेटरचं काम त्याच दिवशी बंद. इन्व्हेस्टिगेटर म्हणजे दारोदार फिरून लोकांची मतं टॅबमध्ये भरणारी मी. आमच्या खानदानात बी.ए. झालेली पहिली मीच. खोटं भरायला बी.ए. लागत नाही, एवढंच मी सरांना ऐकवलं. मग ते स्वतःच निघाले.

प्रश्न होता, खुनाला फाशी असावी का? नियम असा की माणसाला एकट्याला विचारायचं. जवळा बाजार या गावात ते जमलं. लोक "द्या फाशी" म्हणायचे आणि वर चहा पाजायचे. पण बंजाऱ्यांच्या तांड्यावर पहिल्याच घरची बाई म्हणाली, फैसल्याची गोष्ट हाय, नाईकाला बोलवते. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. बघता बघता लिंबाखाली सगळा तांडा गोळा. नाईकांनी विचारलं, आरोपी कुठं हाय? आरोपी कोणी नाही, नुसतं मत पाहिजे, असं मी म्हटलं. त्याचं ऐकल्याबिगर आमी फैसला करत न्हाई, ते म्हणाले. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मी प्रत्येकाचं 'सांगता येत नाही' भरलं.

सर आले ते बॅक-चेकला. म्हणजे त्याच लोकांना पुन्हा विचारायचं. नाईकांनी त्यांना बाजेवर बसवलं आणि आरोपी मागितला. सर घाईत म्हणाले, समजा, एकानं भावाला मारलं.

"काहून मारलं?"

"समजा, बांधावरून."

मग कोणी विचारलं, आधी हात कोणी उचलला? भाऊ पिऊन यायचा का? दुपार कलेपर्यंत सर रचत गेले. खुन्याला त्यांनी बायको दिली, लेकरं दिली, धाकटीला दमा दिला. मी तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

"मंग सायेब, द्यायची का फाशी?"

"असं एकदम कसं?" सर तावातावानं म्हणाले. "माणूस वाईट नव्हता हो तो."

"अन् जो मेला त्याच्या बायकोचं काय?" एका म्हातारीनं विचारलं.

सर घाम पुसत राहिले.

मी टॅब उघडला. "सर, तुमचं काय भरू?"

"चल गाडीत बस."

माझा डेटा पास झाला. हल्ली नव्या मुलांना ट्रेनिंग मीच देते. तांड्यावर मत विचारायला जायचं तर डबा घेऊन जा, एवढं बजावून सांगते.