कोऱ्या लेटरहेडवरची सही

पारनेरला वकिली केली, एकदा आमदार झालो, आणि पुढे उच्च न्यायालयात न्यायाधीश. सत्कारात लोक हा प्रवास तोंड भरून सांगतात. व्यासपीठावर बसून ऐकताना मला एक सही आठवते आणि हार उतरवून ठेवावासा वाटतो.

आमदार असताना अधिवेशनाला निघण्याआधी मी कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवायचो. शिफारशीसाठी आलेला माणूस रिकाम्या हाती परत जाऊ नये, एवढाच हेतू. वरचा मजकूर स्वीय सहायक भरायचा. वकील असताना मी कुठल्या अशिलाला कोऱ्या कागदावर अंगठा उठवू दिला नसता. आमदार झालो आणि अक्कल गहाण पडली.

न्यायासनावर बसल्यावर एका विधवेचं अपील माझ्यासमोर आलं. नवरा वारल्यावर दिरानं सगळी जमीन स्वतःच्या नावावर लावून घेतली होती. तिला मूलबाळ नव्हतं, लग्नाचा कागद नव्हता. खालच्या दोन्ही कोर्टांत ती हरली होती. कागद चाळताना आमदाराचं पत्र निघालं. मयत अविवाहित होते हे मी व्यक्तिशः जाणतो, असं त्यात लिहिलेलं. खाली माझी सही. त्या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

‘हे प्रकरण माझ्यासमोर नको’ एवढंच लिहून मी ते दुसऱ्या न्यायमूर्तींकडे जाऊ दिलं. कारण लिहायची सक्ती नसते. सही आधी झाली, मजकूर नंतर भरला, हे शपथेवर सांगू शकणारा मी होतो. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर खुर्चीची काळजीही. वर्षभरानं अपील फेटाळलं गेलं. निकालात त्या पत्राचा उल्लेख होता.

निवृत्तीनंतर, गेल्या उन्हाळ्यात, मी तिच्या गावी गेलो. ती त्याच शेतात रोजानं कांदा काढत होती. बांधावर बसून मी तिला सगळं सांगितलं आणि हात जोडले. तिनं हाताची माती झाडली.

“मला सांगून आता काय व्हनार, सायेब?” ती म्हणाली. “हे तवा कोर्टात बोलायला पायजे हुतं.”

मग ती उठली आणि पुन्हा कांदा काढायला लागली.