चाचांच्या इंग्रजी जखमा

राहुरीत आजवर जेवढी माणसं पडली, भाजली, सोलवटली आणि लचकली असतील, त्या सगळ्यांना मिळून झाल्या नसतील एवढ्या जखमा आमच्या शेजारच्या ड्रायव्हरचाचांना एका वर्षात झाल्या. आणि त्यातली एक सोडली तर बाकीच्या सगळ्या इंग्रजीत झाल्या.

वास्तविक चाचांसारखा धडधाकट माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. उभी हयात त्यांनी साखर कारखान्यासाठी उसाचे ट्रक चालवले. "अंगावर साधा वरखडा न्हाई सर," असं ते बाही वर करून दाखवायचे. पण ते घरी बसले आणि त्याच सुमारास त्यांच्या मुलीनं, यास्मिननं परदेशी नर्स म्हणून जायचं ठरवलं. त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा असते. परीक्षक पेशंट होऊन समोर बसतो, कुठं लागलं, कसं दुखतं ते सांगतो, आणि नर्सनं त्याला धीर देत बोलतं करायचं. सरावाला पेशंट हवा होता. चाचा म्हणाले, "मी हाय की!" इंग्रजी तपासायला मास्तर हवा होता. तो भिंतीपलीकडेच राहत होता.

तो मास्तर म्हणजे मी. कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. माझं इंग्रजी फार चांगलं आहे अशी गल्लीत समजूत आहे आणि ती मोडेल असं काही मी शक्यतो बोलत नाही. कवितेचं रसग्रहण सांगा, कर्मणी प्रयोग सांगा, मी तासभर बोलेन. पण खरचटणं, पोळणं, मुरगळणं, टेंगूळ येणं या सगळ्यांसाठी माझ्याकडे 'इंज्युरी' हा एकच शब्द होता, आणि इतकी वर्षं त्यावर माझं उत्तम भागलं होतं. पहिल्याच संध्याकाळी चाचांनी विचारलं, "सर, मुक्या माराला इंग्लिशमधी काय म्हणत्यात?" मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सायलेंट बीटिंग." यास्मिननं ओढणी तोंडाशी नेली. हसू आवरल्यावर अदबीनं म्हणाली, "सर, त्याला ब्रूझ पण म्हणतात." त्या 'पण'मध्ये तिनं माझी जी अब्रू झाकली, तेवढ्यावरच तिला चांगली नर्स म्हणून नोकरी मिळायला हरकत नव्हती. त्या दिवसापासून मी डिक्शनरीत डोकं घालून बसू लागलो. मी पीएचडीला लागलो असं बायकोनं माहेरी कळवूनही टाकलं.

चाचांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना नुसता शब्द पुरायचा नाही. तो अंगात मुरावा लागायचा. ज्या दिवशी स्प्रेन, म्हणजे पाय मुरगळणं असेल, त्या दिवशी ते सकाळपासून लंगडत. बाजारात भाजीवाल्या मावशींनी कळवळून बसायला पाट दिला, तर चाचा त्यावर टेकून म्हणाले, "थँक्यू सिस्टर, लेफ्ट अँकल." खांदा निखळल्याच्या दिवशी ते एक हात लोंबता ठेवून गल्लीतून चालले होते, दोघा-तिघांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि रिक्षा वळेपर्यंत चाचा भूमिका सोडेनात. दुखण्याचे प्रकार तर त्यांनी स्वतःच लावून घेतले होते. "थ्रॉबिंग म्हंजे गाडी जाग्याव उभी, पन इंजिन चालू. डल म्हंजे चढाला लोड गाडी. शूटिंग म्हंजे कुनीतरी मागनं ठोकलं." कॉलेजात असं कधी मला समजावता आलं असतं, तर माझे विद्यार्थी मागच्या दारानं पळाले नसते. हळूहळू गल्लीला सवय झाली. चाचा कण्हत दारात बसलेले दिसले की येणारेजाणारे विचारत, "आज काय मोडलं?"

परीक्षेला चार-पाच दिवस राहिले होते. रविवारची सकाळ होती. मी पेपर घेऊन अंगणात आलो, तर चाचा जिन्याच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसलेले. वर पाण्याची टाकी धुवायला गेले होते. चेहरा घामानं डबडबलेला, उजवा हात डाव्या हातानं उचलून धरलेला. मी मनात म्हटलं, आज कमालच केली!

"सर, पडलो," चाचा म्हणाले. "हात गेला."

"चाचा, इंग्लिश," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बिचारे म्हणाले, "आय फॉल्ड."

"फेल. आय फेल डाउन द स्टेअर्स."

"आय फेल. लई... व्हेरी पेन."

"आय अ‍ॅम इन अ लॉट ऑफ पेन. आणि सूज कशी सांगाल?" मनगट खरंच सुजलेलं दिसत होतं, पण चाचांच्या अभिनयाबद्दल माझं मत इतकं चांगलं होतं की सूजही त्यांनी सरावानं आणली असावी असं मला वाटलं. "शाब्बास," मी म्हणालो. "आता दुखण्याचा प्रकार सांगा."

तेवढ्यात यास्मिन चहा घेऊन बाहेर आली. तिनं हाताकडे एकदाच पाहिलं आणि कप पायरीवर आपटला. "सर, उठा! तो पेपर द्या!" माझ्या हातातला पेपर ओढून तिनं त्याची घट्ट गुंडाळी केली, हाताखाली धरली आणि ओढणीनं बांधून टाकली. मी रिक्षा आणायला धावलो, आणि धावताना चप्पल तुटून स्वतःच पडलो. गुडघा फुटला. त्याला काय म्हणतात हे मला नेमकं आठवेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पडून अर्धा तास होऊन गेला म्हणता, तेवढा वेळ काय करत होतात?"

"व्याकरण," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

मनगटाचं हाड मोडलं होतं. यास्मिन म्हणाली, परीक्षेचं पुढं बघू. प्लास्टरातला हात पोटाशी धरून चाचा कॉटवर उठून बसले. "माज्यापायी थांबलीस तर दुसरा बी हात मोडून घिईन," ते म्हणाले. चाची रडत होत्या, त्यांनीही मान डोलावली. यास्मिन पुण्याला गेली, परीक्षा दिली, पास झाली. गल्लीत सगळे माझं अभिनंदन करू लागले आणि मी ते घेतलंही. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

ती आयर्लंडला जाऊन आता बरेच महिने झाले. अजून मी संध्याकाळी चाचांकडे जाऊन बसतो. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. ड्युटीच्या कपड्यातच होती, डोळे दमलेले. बोलता बोलता तिनं विचारलं, "अब्बू, हात? एनी पेन?"

"नो पेन," चाचा ताठ बसून म्हणाले. "नो स्वेलिंग. फुल मूव्हमेंट."

फोन त्यांनी डाव्या हातात धरला होता. उजवा मांडीवर, टॉवेलाखाली होता. ते मनगट अजून नीट वळत नाही, शर्टची बटणं चाची लावून देतात, हे मला माहीत होतं. यास्मिन हसली, जेवा वेळेवर म्हणाली, फोन ठेवला.

मी टॉवेलाकडे पाहिलं. चाचा फोन बाजूला ठेवून म्हणाले, "दिसभर लोकांची दुखनी ऐकती ती, सर. आपली अजून कशाला सांगायची?"

मग त्यांनी चाचींना हाक मारून पातेल्यात गरम पाणी मागवलं, आणि हात त्यात बुडवून, दाराकडे बघत बसून राहिले.