डेसचं डोकं

माझ्या बहिणीचा, नोएलीनचा, नवरा डेस हर्ली ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या आमच्या गावी घोड्यांच्या शर्यतींचं धावतं समालोचन करायचा. घोड्यांची नावं, जॉकींच्या सदऱ्यांचे रंग सकाळी एकदा बघायचे आणि दुपारी धडाधड म्हणून दाखवायचे, एवढ्या एका गुणावर त्याने जन्मभर छाती फुगवली. क्लबात बियर फुकट, सोबत खारट सॉसेज रोल.

गावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा वाढलेला रक्तदाब पाहून स्पष्ट सांगितलं की हा दाब नुसत्या हृदयाला नाही, मेंदूतल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांनाही झिजवतो. त्या बुजत गेल्या की डोकं वयाआधी म्हातारं होतं. डेसने क्लबात त्यांची नक्कल केली.

"हृदय कुठे, डोकं कुठे! बाईंना शरीराचा नकाशा तरी येतो का?"

टोळकं खिदळलं. रक्तदाबाची गोळी तो नोएलीनसमोर तोंडात टाकायचा आणि मागच्या अंगणात थुंकायचा. मी पाहिलं, तिला सांगितलं. ती रडली. मला त्याने चोंबडी म्हटलं.

मग तो कधीच निवृत्त झालेल्या घोड्यांची नावं घेऊ लागला. लोकांना तो विनोद वाटला. त्याच्या मते दोष कधी दुर्बिणीचा, कधी सदऱ्यांच्या रंगांचा.

गावच्या मोठ्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर, लाउडस्पीकर गप्प झाला. घोडे धावताहेत आणि आवाज नाही. मग डेस म्हणाला, "तो... तपकिरी पुढे आहे."

जवळजवळ सगळेच तपकिरी होते.

तपासणीत मेंदूवर बारीक बारीक झटक्यांचे डाग निघाले, बरेचसे जुने. गेलं ते येणार नाही, पण दाब आवरला तर उरलेलं जास्त टिकेल, असं बाई म्हणाल्या. आता नोएलीन गोळी त्याच्या जिभेवर ठेवते, पाणी पाजते, तोंड उघडायला लावून बघते. संध्याकाळी नदीकाठी चालवून आणते. क्लबातलं कुणी फिरकत नाही. त्यांतला एक दुकानात भेटला, डेसच्या वयाचं कारण सांगू लागला.

"डेस एकसष्टचा आहे," मी म्हटलं. "माझी सासू नव्वदीला टेकली, रोज शब्दकोडं सोडवते."

डेसची दया येऊ दे, असं नोएलीन मला सांगते. काल त्यानेच दार उघडलं, अदबीने बाजूला झाला.

"या, बसा. आपण कोण?"

इतक्या वर्षांत माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलला. नोएलीनची बहीण, असं सांगून मी आत गेले आणि तिच्या हातातली भांडी घासायला घेतली.