भेगा सोडून मोजलेली जमीन

गेल्या उन्हाळ्यात पेडगावजवळच्या आमच्या शेतात कार्बन डायऑक्साइड मोजायला लोक आले. कारखान्यांतला हा वायू पकडून खोल काळ्या खडकात कोंबायचा, अशी योजना. त्याआधी जमीन आपणहून किती वायू सोडते ते मोजून ठेवायचं, म्हणजे पुढे गळती झाली तर कळेल. मला पटलं. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्याला काय अर्थ?

त्यांनी मातीत रुंद गोल कड्या बसवल्या. वर झाकण, झाकणातून यंत्राकडे नळी. उन्हाळ्यात आमच्या रानाला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. कड्या मात्र सगळ्या भेगा चुकवून, बांधाकडेच्या सपाट जागेत.

"भेगेवर का नाही?" मी त्यांच्या प्रमुखाला विचारलं.

"कडी घट्ट बसत नाही, काका. हवा निसटते."

"गळती झाली तर वायूही तिथूनच निसटेल ना?"

तो हसला. "काका, शास्त्रज्ञ आहात का हो?"

"न्हाई साहेब," बांधावर बसलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आमचा दादा घरात दूधबी मापून घेतो. पण दार सोडून भिंतीला कान कामून लावायलात तुमी?"

यंत्राजवळ बसलेल्या त्यांच्यातल्या बाईंनी नळी एका भेगेत सोडली. आकडा चढला तो उघड्या हवेतल्या आकड्याच्या कितीतरी वर जाऊन थांबला.

"ही नोंद गाळा," प्रमुख म्हणाला.

माझं डोकं फिरलं. आज भेगेतला आकडा लिहिलाच नाही, तर उद्या तो दुप्पट झाल्यावर हेच म्हणणार, भेगेत एवढं असतंच! हा वायू हवेपेक्षा जड, खोलात साचतो, आणि साचला की तिथं माणूस गुदमरतो. आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि मोटार बिघडली की विहिरीच्या तळाशी भाऊच उतरतो. "निदान विहिरीत एकदा नळी सोडा," मी म्हणालो.

"विहीर आराखड्यात नाही."

"मग माझं रानही नाही. कड्या काढा!"

काढल्या. आणि शेजारच्या ओलिताच्या रानात नेऊन बसवल्या. पाणी पिऊन मऊ झालेली, एक भेग नसलेली माती. तिचा आकडा आता सगळ्या शिवाराचा म्हणून धरतील. मी त्यांच्या मुख्य कार्यालयात जाऊन भांडलो. "मोजणी पूर्ण झाली आहे," एवढंच उत्तर मिळालं. कसली पूर्ण? ओल्या मातीचं माप कोरड्या रानाला लावणं याला मोजणी म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

पुढच्याच महिन्यात मोटार बंद पडली. मी भावाला थांब म्हणालो.

"दादा, अजून त्यांनी काय कोंबलं न्हाई खाली."

"आज न्हाई कोंबलं. कोंबल्यावर कोण सांगणार हाय तुला?"

"मग काय विहिरीवरचं पीक वाळू द्यायचं?" म्हणत त्यानं कमरेला दोर बांधला आणि तो पायऱ्या उतरू लागला. मी दोराचं दुसरं टोक हाताला गुंडाळून काठावर उभा राहिलो. दर दोन पायऱ्यांना त्याला हाक मारत होतो, आणि त्याची ओ आली की त्या प्रमुखाला शिवी देत होतो.