शिवेपर्यंतची सोबत

‘देवानं वाचवलं’ असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: तिथे नेमकं कोण होतं? वर्तमानपत्रात बरीच वर्षं काम केल्यावर ही सवय लागते. अपघातातून वाचलेला माणूस देवाचं नाव घेई, मी त्याला गाडीतून ओढून काढणाऱ्याचं नाव लिहून घेई. देव आहे की नाही, हा माझ्या कामाचा भाग नव्हता. बाबा हरवले तेव्हाही मी तोच प्रश्न विचारत फिरले.

बाबा निवृत्त शिक्षक. ते आणि आई पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, मी चंद्रपुरात. अलीकडे त्यांची आठवण विरत चालली आहे. माणसं विसरतात, जेवल्याचं विसरतात. पाढे मात्र विसरत नाहीत. त्या सकाळी आई उठली तेव्हा दार उघडं होतं आणि काठी जागेवर नव्हती. मोहफुलांचे दिवस होते. गावाजवळच्या जंगलात वाघीण पिल्लांसह फिरत आहे, कोणी एकट्यानं जाऊ नये, अशी सूचना वनखात्यानं दिलेली होती.

मी पोचले तेव्हा माणसं बसथांब्याकडे आणि नाल्याकडे शोधायला गेली होती. आई देवापुढे बसली होती. “देवा, त्याईले एकटं नोको ठेवू,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते सापडू देत, असं एकदाही म्हणाली नाही. शब्द तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून ते लक्षात आलं. आणि मागायचं तेच ही मागत नाही म्हणून थोडा रागही आला.

चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी जंगलाच्या रस्त्यानं निघाले. मोहाच्या झाडांखाली काही बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. बाबांचं वर्णन पुरं व्हायच्या आतच एक जण म्हणाली, “मास्तर ना? काठीवाले? लय बोलतेत बाई ते. आमाले तेराचा पाढा म्हणायले लावला.”

“इले नाई आला,” दुसरी हसली. “मंग पुना म्हणायले लावला.”

ते कुठे गेले, मी विचारलं.

“बहिणीकडं जातो म्हणे. वाघाचा रस्ता हाये, एकटं माणूस कसं सोडाव? आमी समद्या संगं गेलो ना शिवेपर्यंत. तिथी पलीकडचा गुराखी भेटला, त्याच्या हवाली केलं.”

“थांबवलं काऊन नाई?” मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

तिनं नवलानं माझ्याकडे पाहिलं. “बहिणीकडं जाऊन राह्यला माणूस. त्याले काऊन थांबवाव?”

माझी आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण ते या बायांना कुठून कळणार? स्वच्छ कपड्यातला, गावाचं नाव बरोबर सांगणारा म्हातारा माणूस बहिणीकडे निघाला होता. त्यांनी त्याला रीतीप्रमाणे पोचवलं, आणि त्यामुळेच तो आमच्यापासून आणखी दूर, आणखी आत जंगलात गेला. त्यांच्या चांगुलपणावर चिडावं की पाया पडावं, मला कळेना.

गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला एक दगड आहे. येणारा-जाणारा तिथे हिरवी डहाळी ठेवतो, वाट सुखरूप व्हावी म्हणून. दगडावर त्या दिवशीची ताजी डहाळी होती. पलीकडे गुराखी भेटला, बाबांच्याच वयाचा.

“ते डहाळी तुमच्या बापानंच ठेवली,” तो म्हणाला. “मी म्हटलं, काय मागितलं गुरुजी? त म्हणे, विसरलो.” मग जरा थांबून, “मले म्हणे ढोरं मोज. मोजली, त एक जास्तच निघालं. आता कोनाचं हाये, काय माहीत!”

ढोरं तशीच सोडून तो पुढच्या शिवेपर्यंत बाबांबरोबर चालला होता. तिथे बांबू घेऊन जाणारं एक जोडपं भेटलं, बाबा त्यांच्याबरोबर पुढे गेले. आम्ही त्या मागावर होतो. माझी भीती अजून गेली नव्हती, पण तिच्या शेजारी दुसरं काही जागं झालं होतं: पुढे कोण भेटलं असेल?

बाबा आत्याच्या गावात सापडले. आत्याचं घर कधीच विकलं गेलं होतं. आता तिथे एक बौद्ध कुटुंब राहतं. ओसरीवर बुद्धाच्या तसबिरीखाली खाटेवर बाबा झोपले होते, जवळ जेवून रिकामं झालेलं ताट. घरची बाई हळू आवाजात म्हणाली, “बहिणीचं नाव घेऊन दारात उभे राह्यले. थे नाई आता, हे सांगवलं नाई बाई. म्हटलं, भाऊ, पयले जेवून घ्या.”

बाबा जागे झाले. त्यांनी मला ओळखलं की नाही, माहीत नाही. म्हणाले, “तेराचा पाढा येतो का?” मी म्हटला. शेवटपर्यंत.

घरी आल्यावर आईला सगळं क्रमानं सांगितलं. मग विचारलं, “सापडू दे, असं का नाही मागितलंस?”

ती बाबांचे पाय कोमट पाण्यानं धूत होती. “सापडवाचं काम तुह्यं होतं,” ती म्हणाली. “सोबत तू कुठून देणार होतीस? थे त्याच्याकडंच मागा लागते.”

त्या वाटेवरच्या प्रत्येकाला मी नंतर भेटले, आभार मानले, आणि सवयीनं ‘तिथे आणखी कोण होतं?’ असं विचारलंही. पूर्ण रस्ता कोणालाच माहीत नव्हता. प्रत्येक जण आपल्या शिवेपर्यंत गेला आणि परतला. शीव संपत होती, सोबत संपत नव्हती. ते सगळं जोडणारा कोण, हे मी सिद्ध करू शकत नाही आणि आता करायचंही नाही. परतताना मी त्या दगडाशी थांबले आणि एक डहाळी ठेवली. बाबांसारखंच काहीच मागितलं नाही. मला मात्र विसर पडला नव्हता. मागायचं ते आई आधीच मागून बसली होती.