कोरड्या रस्त्याचे टायर

प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याच्या सेवेत एक अशी केस येते, जी त्याला सत्याचे खरे स्वरूप दाखवून जाते, असे आमच्या प्रशिक्षण केंद्रात सांगत असत. ज्या तपासांसाठी मला प्रशस्तिपत्रे मिळाली त्यांतले निम्मे आज आठवत नाहीत. जी घटना विसरता आली नाही ती एका मारुती व्हॅनच्या टायरांची आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या बाहेर, महामार्गावरच्या एका ठाण्याचा मी इन्चार्ज होतो. आमचे घराणे मूळचे धुळ्याकडचे. वडील गुजरात सरकारच्या नोकरीत आले आणि आम्ही इथलेच झालो. थंडीचे दिवस होते. कामरेजजवळ रस्तादुरुस्तीसाठी वळण काढले होते आणि धूळ बसावी म्हणून सकाळी तिथे टँकरने पाणी मारत. त्या ओल्या वळणावर एक भाड्याची व्हॅन सरळ घसरत गेली आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर आदळली. गाडेवाल्याचा पाय मोडला. कलम २७९ आणि ३३८, म्हणजे बेदरकार वाहन चालवणे आणि गंभीर दुखापत. पंचनामा झाला, व्हॅन ओढून ठाण्याच्या आवारात आणली, ड्रायव्हरचे लायसन्स जमा केले.

ड्रायव्हर सुरतेच्या डिंडोलीत राहणारा, तिशीचा, मूळचा खान्देशातला. त्याचा जबाब एका ओळीत मावण्यासारखा होता: ब्रेक मारला, गाडी थांबली नाही. हे वाक्य मी सेवेत इतक्या वेळा लिहून घेतले आहे की त्याचा रबरी शिक्का करून घ्यायला हवा होता. ब्रेक तपासले, ते ठीक होते. तेव्हा तो खोटे बोलतो आहे असे मी धरून चाललो. दोष शाबित झाला तर तुरुंग आणि लायसन्स जाणे, दोन्ही शक्य होते, आणि गाडी चालवण्याखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. ड्रायव्हरला सोडा, टायर बघा, सुरतेच्या उधन्यात एक जण असले टायर विकतो, एवढे बोलून माणसाने फोन ठेवला. मला पहिला संशय आला तो ड्रायव्हरच्या मित्रांचा. चौकशीअंती कळले की फोन करणारा उधन्यातच टायरचे दुकान चालवतो. समाजहिताची कळकळ बहुतेक वेळा समोरच्या दुकानातून येते.

टायर मात्र पाहिले. रुंद, काळेभोर, जवळजवळ गुळगुळीत. मधोमध फक्त दोन बारीक खाचा आणि बाजूला ‘रेसिंग’ असा पिवळा स्टिकर. परदेशी वस्तू नुकत्या बाजारात दिसू लागल्या होत्या आणि ज्यावर इंग्रजी स्टिकर असेल ती वस्तू आपोआप परदेशी ठरत असे. आरटीओच्या माणसाने टायर दाबून पाहिले, झिजलेले नाहीत असे लिहिले आणि चहा पिऊन गेला.

मग मी हवालदाराला घेऊन टॅक्सी स्टँडवर गेलो. ते टायर बसवलेल्या सात गाड्या तिथे सापडल्या. सातही ड्रायव्हरांनी त्यांची स्तुती केली. एक म्हणाला, गाडी रस्त्याला चिकटून चालते. दुसऱ्याने वापीपर्यंत कशी हाणली ते हातवारे करून दाखवले. कंपनीच्या टायरच्या निम्म्या किमतीत असली पकड मिळत नाही, यावर एकमत होते. अपघात झालेल्याविषयी विचारले तेव्हा एक वयस्कर ड्रायव्हर तंबाखू मळत म्हणाला, “साहेब, टायर रेसिंगचे आणि पाय बैलगाडीचा. आता टायर काय करणार?” सगळे हसले.

सात साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की मला झोप लागत नाही. टायर विकणाऱ्याने यांना पढवले आहे का, हे मी दोन दिवस शोधत होतो. कुणी पढवले नव्हते. कारण साधे होते: माणूस स्वतः निवडून, घासाघीस करून घेतलेल्या वस्तूला वाईट म्हणत नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. शिवाय सातही जणांनी टायर दिवाळीनंतर घेतले होते. ओल्या रस्त्यावर ते चालवायची वेळ एकावरही आली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला नको तेवढा उशीर झाला.

ड्रायव्हरला जामीन राहायला त्याचा थोरला भाऊ आला. उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये वीस वर्षे मशीनवर काम करणारा. बोटांच्या पेरांत निळा रंग कायमचा बसलेला. कारकून कागद तयार करत होता तेवढ्यात तो आवारात जाऊन व्हॅनपाशी उकिडवा बसला. पुराव्याशी छेडछाड करतो की काय म्हणून मी मागे गेलो. तो अंगठ्याचे नख टायरमध्ये रोवून बघत होता. नख काढले, उमटलेली खूण किती वेळात भरते ते पाहिले, मग वाकून वास घेतला.

“काय चालले आहे?” मी दरडावले.

तो उठला नाही. “साहेब, हाई टायरनं रबर नही शे,” तो म्हणाला. “हाई आमना मिलना रोलरनं शे.”

अहिराणी घरात ऐकलेली असल्यामुळे अर्थ कळला: हे टायरचे रबर नाही, मिलच्या रोलरचे आहे. विश्वास बसला नाही. डाइंग मिलमध्ये ओले कापड दोन रबरी रोलरांमधून पिळून काढतात. रोलरचे रबर मऊ आहे की कडक झाले, हे कामगार नख रोवून ओळखतात. त्या कामात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला आरटीओच्या दाखल्याचे काही वाटले नाही. मी म्हणालो, भावाला वाचवायला माणूस काहीही म्हणेल. तो म्हणाला, “मंग ब्लेड मारी देखा ना.”

पंचांना बोलावून ब्लेड मारले. वरचा काळा थर रंगाचा होता. खाली करडे रबर निघाले आणि त्याखाली कुठल्या तरी जुन्या टायरची झिजलेली नक्षी.

उधन्यातला विक्रेता हा मुळात मिलच्या रोलरांना रबर चढवून देणारा कारखानदार होता. पत्र्याची शेड, एक बॉयलर, एक लेथ. छापा टाकला तेव्हा लेथवर रोलर होता आणि शेजारी, त्याच लेथवर चढण्याची वाट पाहत, व्हॅनचा टायर. वरिष्ठांनी त्याच संध्याकाळी ‘आंतरराज्य बनावट टायर टोळी’ पकडल्याचे पत्रकारांना सांगितले. टोळीत तो आणि त्याचा मेहुणा होते, आणि मेहुणा भरूचचा होता, म्हणजे राज्यही एकच.

चौकशीत कारखानदार तासभर बधला नाही. रबर बाहेरून विकत घेतो, कुठले ते ठाऊक नाही, एवढेच. गुळगुळीत म्हणजेच रेसिंग, परदेशात जाऊन बघा, असा सल्लाही त्याने मला दिला. “रोड ने चोंटी जाय, साहेब,” म्हणजे रस्त्याला चिकटतो, हे तो मंत्रासारखे म्हणत होता. मी टायरचा विषय सोडला. त्याच्या रोलरांबद्दल मिलवाल्यांकडून तक्रारी ऐकतो, माल हलका असतो म्हणे, एवढेच बोललो आणि फाईल चाळू लागलो. हे मी बनवून सांगितले होते. तो खुर्चीत ताठ झाला.

“हलका?” तो म्हणाला. “माझा रोलर दहा वर्षे हलत नाही. तेच रबर टायरला घालतो, साहेब. एक नंबरचे.”

कारकुनाने ते लिहून घेतले. चोर मारापुढे टिकलेले मी पाहिले आहेत. कारागीर निंदेपुढे टिकलेला पाहिला नाही. पाणी बाहेर काढणारी नक्षी का काढली नाही, हे विचारल्यावर तो खाली मान घालून म्हणाला की नक्षीचा साचा महाग पडतो, आणि त्याला लेथवर रबर गुळगुळीत करणेच येते. ओल्या रस्त्याचे काय? दिवाळीनंतर सुरतेत पाऊस कुठे पडतो, हे त्याचे उत्तर. टँकर त्याच्या हिशेबात नव्हता.

मला वाटले ड्रायव्हर सुटला. वरिष्ठांना तसे वाटले नाही. पाय मोडलेला माणूस समोर आहे, तेव्हा ड्रायव्हरचे नावही आरोपपत्रात राहू द्या, न्यायालय बघेल, असा आदेश झाला. लायसन्स जमाच राहिले. तो भावाच्या मिलमध्ये कापडाच्या गाठी उचलू लागला.

खटल्यात कारखानदाराचा वकील हुशार होता. माझ्या उलटतपासणीत त्याने सगळा रोख ड्रायव्हरकडे वळवला. टायर गुळगुळीत आहेत हे डोळ्यांनी दिसत होते की नाही? दिसत होते. मग कोणताही सावध माणूस असल्या टायरांवर ओल्या रस्त्यावर गाडी घालेल का? ड्रायव्हर आरोपीच्या जागी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. त्याचा भाऊ मागच्या बाकावर होता.

मी म्हणालो, घालेल. वकिलाने विचारले, कशावरून. मी म्हणालो, मी स्वतः घालतो.

या केसने मला शिकवले ते हे, की साक्षीदाराच्या अनुभवावर विश्वास ठेवण्याआधी तो अनुभव कोणत्या हवामानात घेतला आहे हे विचारावे. संशय सगळ्यांवर घ्यावा, त्यात स्वतःलाही वगळू नये. हे मी पुढे अनेक नव्या फौजदारांना गंभीर चेहऱ्याने सांगितले.

न्यायाधीशांनी न्यायालयाच्या आवारात उभी असलेली ठाण्याची जीप स्वतः येऊन पाहिली आणि कागदावर नोंद घेतली. ड्रायव्हर निर्दोष सुटला. जीपच्या चार टायरांवर मिळून एकही खाच नव्हती, आणि नवे टायर मंजूर झाले ते माझी बदली झाल्यावर.