खंडेनवमीची पेटी

ती पेटी अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले, एकदा तर चोरीच्या म्हशीला साक्षीला उभं करून तिच्याकडून खरा मालक ओळखून घेतला. पटत नसेल तर म्हशीला विचारा. पण चोराला बेड्या आणि चोरीच्या मालाला सलाम, असं मनात एकदाच आलं. ते या गुन्ह्यात. नावं कुणाचीच घेत नाही. माणसं हयात आहेत आणि मलाही गावात फिरायचं आहे.

तेव्हा मी धारूरच्या डोंगराकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिथलं ऊन असं, की कोठडीच्या गजाला हात लागला की आरोपी चौकशीआधीच कबुली द्यायचा. पावसाळा सरून ऑक्टोबरचा उन्हाळा सुरू झाला होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. तेवढ्यात एक तिशीची बाई ठाण्यात आली, सोबत तिचे वडील. वडील वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. मुलगी पुण्यात शिकलेली इंजिनिअर. घाटातल्या आरोग्य उपकेंद्रातून तिची पेटी चोरीला गेली होती.

आमचे हवालदार मोठे खवट. पेन सरसावून विचारते झाले, "काय चोरीला गेलं?"

"पेटी."

"पेटीत काय होतं?"

"ते सांगता येणार नाही."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "बाई, आजवर चोर सांगत न्हवते काय चोरलं ते. आता फिर्यादीबी सांगंनात. मग आमी गुन्हा कशाचा नोंदवावा?"

मी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, जेवढं सांगता येईल तेवढं सांगा. तिने सांगितलं ते ऐकून माझा चहा गार झाला. आमच्या ठाण्यात चहा गार होणं म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळलं असेल.

पेटीच्या वायरी रोग्याच्या छातीला लावायच्या. पेटी हृदयाचा आलेख काढते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून शहरातल्या डॉक्टरकडे धाडते. आमच्या घाटात रेंज म्हणजे लहरी जावई. आला तर आला. पण रेंज मध्येच तुटली तरी आलेख तुकड्यातुकड्यांनी जातो आणि पलीकडे आपोआप सांधला जातो. आलेख काढण्याच्या पद्धतीचं एक पेटंट आणि धाडण्याच्या पद्धतीचं दुसरं, दोन्ही या बाईच्या नावावर. अडचण एकच होती. एप्रिल-मे आला की उन्हाने पेटी तापून बंद पडायची. मग तिने पेटी गार ठेवायची युक्ती काढली. पंखा नाही, गॅस नाही, विजेवर चालणारं काही नाही. फक्त पाणी आणि आत भाजलेल्या मातीची एक चकती.

"या तिसऱ्या शोधाचा अर्ज अजून टाकलेला नाही," ती म्हणाली. "ती चकती कशी करायची ते अर्जात असं लिहावं लागतं, की वाचून दुसऱ्याला करता आली पाहिजे. भट्टीतून कितीतरी चकत्या काढल्या. माती आक्रसते, प्रत्येक वेळी वेगळी. अख्खा उन्हाळा टिकली ती एकच, त्या पेटीतली. ऑक्टोबरचं ऊन संपलं की उघडून तिची मापं घेणार होते."

"आणि दुसऱ्या कुणी आधी घेतली तर?"

"तर तो आधी अर्ज टाकील. मग ते माझं होतं हे सिद्ध करत मी म्हातारी होईन."

वडील तेवढं एकच बोलले. "साहेब, दसऱ्याला आमी दीक्षाभूमीला नागपूरला जातो. माझ्या बापापासूनची रीत. पण पेटी घावल्याबिगर मी यंदा गाडीत बसणार न्हाई."

मी त्यांना खरं ते सांगितलं. पेटंटचा वाद दिवाणी न्यायालयाचा, त्यात पोलिसाची काठी चालत नाही. पण पेटी उचलून नेली ती चोरी, आणि चोरीत माझी काठी तालुकाभर पोचते. गुन्हा नोंदवला.

उपकेंद्राचं कुलूप तोडलेलं नव्हतं. म्हणजे चोर दारातूनच आला आणि पेटी घेऊन दारातूनच गेला. नर्सबाईंना विचारलं, गेल्या आठवड्यात बाहेरचं कोण आलं होतं? लसींचा फ्रिज दुरुस्त करायला चौसाळ्याचा एक कूलरवाला आला होता. हायवेवर त्याचं कूलर आणि फ्रिज दुरुस्तीचं दुकान. हात सोन्यासारखा, असं सगळे म्हणायचे. आता एवढ्यावरून माणूस धरता येत नाही.

पण खबर आली. चौसाळ्यातला आमचा खबऱ्या गोळीसोड्याची गाडी लावायचा. फोनवर म्हणाला, "सायेब, एक लई इचित्र हाय. दुपारी लाइट गेलती. कूलरवाल्याच्या दुकानात पाणी पिलो, तर दात कळवळले. फ्रिज बंद, लाइट न्हाई, मंग पाणी गार कावून?"

त्या हद्दीतल्या ठाण्याला कळवलं, पंच घेतले आणि झडती घ्यायला गेलो. दुकानात निव्वळ मोडके कूलर, कॉम्प्रेसर आणि तांब्याच्या नळ्या. खबऱ्याने मला सांगायच्या आधी निम्म्या चौसाळ्याला सांगितलं होतं. पेटी हलली होती.

कूलरवाल्याला चौकशीला बोलावलं. चाळिशीचा, शांत, नखात ग्रीस. मी मारझोडीच्या विरुद्ध. माझी चौकशी म्हणजे चहा आणि गप्पा, आणि गप्पा मारण्यात मला हरवणारा माणूस मराठवाड्यात जन्मलेला नाही. मी त्याला जगभराच्या गोष्टी सांगितल्या. तो हूं म्हणायचा, बशीत चहा ओतायचा आणि परत एकच वाक्य: "मला काय म्हाईत न्हाई, सायेब. फ्रिज नीट केला अन् आलतो माघारी."

दुपारपर्यंत हवालदारांचा धीर सुटला. दरडावून म्हणाले, "अबे, एक फालतू पत्र्याचं खोकं, त्याच्यापायी कशाला आयुष्य नासवतोस?"

कूलरवाल्याची बशी थांबली. मान वर करून तो म्हणाला, "खोकं म्हणू नका हवालदार. तसलं जे करतं, त्याच्या हाताला पाया पडावं."

आणि बशी खाली ठेवली. कान लाल झाले होते. माणसाला शिवी दिली तर तो सहन करील, पण याला पेटीला दिलेली शिवी सोसली नाही. तेव्हाच मला कळलं, पेटी याच्याकडेच आहे आणि याने ती उघडून पाहिली आहे. पण कळणं वेगळं आणि पुरावा वेगळा. हवं तेव्हा हजर राहण्याची नोटीस देऊन त्याला सोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या ठाण्यात त्या दिवशी शस्त्रपूजा असते. रायफली, काठ्या, बेड्या, जीप, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. पूजा हवालदारांची. सगळं उरकलं तरी त्यांचं ताट काही खाली ठेवेना. माळ्यावरचा बंद वायरलेस सेट काढला, त्यालाही कुंकू. मागच्या खोलीतला मोडका टाइपरायटर, त्यालाही.

मी म्हणालो, "हवालदार, तो माझ्या आधीच निवृत्त झालाय."

"असू द्या साहेब. एक जरी हत्यार बिनपूजेचं राहिलं, तर मन खातं वर्षभर."

माझ्या हातातला प्रसाद तसाच राहिला. म्हणालो, "ताट ठेवा खाली. जीप काढा."

जीपचं कुंकू वाळलंसुद्धा नव्हतं. घाट आम्ही असा उतरलो, की झेंडूची माळ मागे राहिली आणि जीप पुढे गेली. चौसाळ्यात साध्या कपड्यांत दुकानासमोरच्या हॉटेलात बसलो. आमच्यासोबत दोन पंच, किराणावाला आणि टेलर. त्यांना फक्त भजी खा म्हटलं होतं.

समोर दुकानात पूजा चालली होती. पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर, वेल्डिंगची नळी ओळीने मांडलेली. कूलरवाला एकेकावर कुंकवाचं बोट टेकवत होता. बायकोने नारळ फोडला, धूप फिरवला. झालं, सगळं झालं. मी डोळ्याची पापणी हलवली नाही. माशीने माझ्या नाकावर संसार थाटला तरी हललो नाही.

मग त्याने ताटावर रुमाल टाकला आणि मागच्या दाराने शेताकडे निघाला.

शेतात कडब्याची गंजी होती. तो गंजीशी बसला, पेंढ्या बाजूला केल्या, ताटावरचा रुमाल काढला आणि आत वाकला. आम्ही मागून गेलो तेव्हा त्याचं बोट पेटीच्या झाकणावर होतं.

हवालदार म्हणाले, "पूजा झाली का?"

तो दचकला नाही. उठून उभा राहिला. "समदी हत्यारं पुजली, सायेब. अन् हिला तेवढी उपाशी ठेवू? हयातभर गार करायचं काम केलं. आत पंखा न्हाई, गॅस न्हाई, अन् तरी टेकून ठेवलेला पाण्याचा तांब्या गार! आतल्या चकतीला हात लावला न्हाई. झाकण तसंच लावून टाकलं."

"मग चोरलीस कशाला?"

"एका कंपनीचा मानूस आलता, जाकीटवाला. म्हनला, तुला आमच्या कारखान्यात मोठा मेकॅनिक करतो, पेटी आन. उद्या दसऱ्याला न्यायला येनार हाय."

पंचनामा मी स्वतः सांगितला. हवालदार झाकण उघडायला निघाले, त्यांचा हात धरला. पंचनामा न्यायालयात जातो, आणि तिथे कागद कोण चाळील ते सांगता येत नाही. लिहायला लावलं: पेटी एक, बंद स्थितीत, झाकणावर हळदकुंकू. पुढे वकिलांनी मला त्यावरून छळलं, पण आतली चकती मी सरकारी कागदावर येऊ दिली नाही.

दसऱ्याला दुकानात हवालदार कूलरवाल्याचा डगला घालून पाठमोरे बसले. जाकीटवाला गाडीतून उतरला आणि थेट म्हणाला, "माल कुठाय?" हवालदारांनी त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या साहेब, सोन्यासारखं राहा." आणि दुसऱ्या मनगटात बेडी अडकवली. त्याच्या जबाबातून वरची माणसं सापडली. दोघांवर आणि त्यांच्यावरही खटला चालला. कूलरवाल्यालाही शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती आणि तसं तोही म्हणाला.

पेटी सापडल्याचं मी बाईला खंडेनवमीच्याच संध्याकाळी फोनवर कळवलं होतं. तिने ते तिथूनच ओरडून वडिलांना सांगितलं. मागून वडिलांचा आवाज आला, "नागपूरची गाडी किती वाजता हाय गं?" दसऱ्याची सुट्टी संपल्यावर न्यायालयाच्या हुकमाने पेटी तिच्या ताब्यात दिली. तिने चकतीची मापं घेतली, अर्ज टाकला आणि यथावकाश तिसरं पेटंटही तिच्याच नावावर आलं. झाकणावरच्या कुंकवाचं तिला काही वावडं नव्हतं आणि कौतुकही नव्हतं. "तपासाची खूण म्हणून राहू द्या," एवढंच म्हणाली. आज तशा पेट्या डोंगरातल्या कितीतरी उपकेंद्रांत आहेत.

चोराला काय हवं असतं ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. या कूलरवाल्याने शिकवलं ते वेगळं. चोराचा हात जिथे जोडला जातो, तिथे पाहावं. लोभाने त्याने ती पेटी मला कधीच दाखवली नसती. दाखवली ती आदराने.

निवृत्तीनंतर एकदा धारूरच्या घाटात माझ्या छातीत कळ आली. लोकांनी उचलून त्याच उपकेंद्रात नेलं. खाटेवर झोपवलं, वायरी लावल्या. मी नर्सबाईंना या पेटीची गोष्ट सांगायला लागलो. मीच पकडून आणली आहे ही, म्हणालो, चोर घाटभर पळत होता आणि मी त्याच्या मागे घोड्यावर...

"साहेब, गप्प पडा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात की आलेख हलतो."

मी मान वळवली. झाकणाच्या कडेला कुंकवाचा फिकट ठिपका होता. बाहेर ऊन भाजत होतं. पेटीला हात लावला, गार होती. आणि हयातीत पहिल्यांदा मी मुकाट्याने पडून राहिलो.